प्रसूती रजेनंतर कामावर परतणे: पाळणाघराच्या अनुदानाचा हिशेब कसा मांडावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बाळ आठ महिन्यांचे आहे आणि प्रसूती रजा दहा आठवड्यांत संपते आहे. कार्यालयाने आठवड्यातून तीन, चार किंवा पाच दिवस काम करण्याचा पर्याय दिला आहे. पाळणाघराच्या शुल्कावर सरकारी अनुदान मिळते, मात्र घरातील उत्पन्न वाढले की ते कमी होते. 'सगळा पगार पाळणाघरातच जाणार असेल तर कामावर जायचे कशाला', असे घरात ऐकावे लागते आहे. अखेरीस तुम्ही असेही विचारले आहे की, अनुदानाच्या अर्जात वर्षाचे अंदाजे उत्पन्न लिहिताना बोनस धरायचा की नाही.

तुम्ही कोणत्या देशात राहता हे लिहिलेले नाही आणि अनुदानाचे नियम देशागणिक बदलतात. हिशेबाची रीत मात्र सगळीकडे सारखीच आहे. कुटुंबांच्या आर्थिक नियोजनाचे काम करताना गेल्या अनेक वर्षांत हा प्रश्न माझ्यासमोर इतक्या वेळा आला आहे की, लोक कोठे चुकतात हे आता पाठ झाले आहे. 'परत जाऊ की नको' असा हो-नाहीचा प्रश्न घालून बसले की चूक तिथेच सुरू होते. आठवड्यातला प्रत्येक कामाचा दिवस घरात किती आणतो आणि शुल्काचा हा भार किती वर्षे टिकणार आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे आधी काढली की निर्णय पुष्कळ सोपा होतो. निदान कशासाठी काय सोडतो आहोत हे तरी स्पष्ट दिसते.

सुरुवात अनुदानाच्या जातीपासून करावी लागते, कारण 'अनुदान मिळते' या दोन शब्दांत फार वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. स्वीडनमध्ये २००२ पासून पालकांच्या शुल्कालाच कमाल मर्यादा आहे. पहिल्या मुलासाठी घरच्या उत्पन्नाच्या ३ टक्के, दुसऱ्यासाठी २ टक्के, तिसऱ्यासाठी १ टक्का, चौथ्यासाठी काहीच नाही, आणि उत्पन्न ठरावीक पातळीच्या वर गेले की शुल्क वाढत नाही. कॅनडातील क्वेबेक प्रांताने १९९७ मध्ये दिवसाला ५ डॉलर असा सपाट दर सुरू केला आणि त्यानंतर तेथील लहान मुलांच्या आयांचे नोकरीत असण्याचे प्रमाण ठळकपणे वाढले. अशा ठिकाणी एक दिवस जास्त काम केल्याने अनुदानाचा फटका जवळजवळ बसत नाही, त्यामुळे हिशेबही सरळ असतो. ऑस्ट्रेलियात अनुदान शुल्काच्या टक्केवारीत मिळते. सर्वांत कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबाला ९० टक्के, आणि त्यावर कुटुंबाच्या एकत्रित उत्पन्नातील दर ५,००० डॉलरमागे एक टक्का कमी. शिवाय तासाच्या दरालाही सरकारी मर्यादा असते, म्हणजे पाळणाघर त्या मर्यादेपेक्षा जास्त आकारत असेल तर वरचा भाग पूर्णपणे पालकांच्या खिशातून जातो. इंग्लंडमध्ये तऱ्हा आणखी वेगळी आहे. तेथे काम करणाऱ्या पालकांना बाळ नऊ महिन्यांचे झाल्यापासून आठवड्याला ३० तास विनामूल्य मिळतात आणि ही सोय सप्टेंबर २०२५ पासून पूर्णपणे लागू झाली आहे.

या ३० तासांबद्दल थोडे थांबून सांगते, कारण तेथेच अनेकांचा अंदाज चुकतो. हे तास वर्षाच्या ३८ आठवड्यांसाठी असतात. एकूण १,१४० तास झाले. नोकरी मात्र बावन्न आठवडे असते. तेच तास पूर्ण वर्षावर पसरले तर आठवड्याला साधारण २२ तासच हाती लागतात, म्हणजे दोन पूर्ण दिवस आणि थोडे अधिक. त्यावरचे तास, जेवणखाण आणि साहित्याचे पैसे वेगळे. शिवाय पात्रतेची अट अशी आहे की दोघांपैकी एकाचेही समायोजित उत्पन्न, म्हणजे निवृत्तिवेतन योजनेत भरलेल्या रकमेसारख्या वजावटी काढून उरलेले उत्पन्न, वर्षाला १,००,००० पौंडांच्या वर गेले की सोय संपूर्ण जाते. हळूहळू कमी होत नाही, एकदम जाते. मी याला उतार आणि कडा म्हणते. ऑस्ट्रेलियातील रचना उताराची आहे, पायऱ्यापायऱ्यांनी खाली नेणारी. इंग्लंडमधील या मर्यादेला मात्र कडा आहे. कड्याच्या जवळ असलेल्या कुटुंबाने पगारवाढीची बोलणी करण्याआधी निवृत्तिवेतन योजनेत वाढीव रक्कम भरून समायोजित उत्पन्न खाली ठेवता येते का, हे पाहणे शहाणपणाचे असते.

तुमच्या वर्णनावरून तुमची रचना उताराची दिसते. म्हणून त्याच प्रकारचे उदाहरण घेते आणि कोणत्याही चलनात न अडकता पूर्णवेळ पगार १०० एकक धरते. दिवसाला २० एकक झाले. कर वजा जाता पाच दिवसांच्या कामाचे ८० एकक हातात येतात, चार दिवसांचे ६६ आणि तीन दिवसांचे ५२. कर चढत्या दराने लागतो म्हणून हे आकडे सरळ प्रमाणात नाहीत. पाळणाघराचे शुल्क दर दिवसामागे १२ एकक आहे. तीन दिवस काम केल्यास अनुदान ६० टक्के, चार दिवस केल्यास ५५ टक्के आणि पाच दिवस केल्यास ५० टक्के मिळते असे धरू.

तीन दिवसांचे शुल्क ३६, त्यातील तुमचा वाटा १४.४, म्हणजे उरले ३७.६. चार दिवसांचे शुल्क ४८, तुमचा वाटा २१.६, उरले ४४.४. पाच दिवसांचे शुल्क ६०, तुमचा वाटा ३०, उरले ५०. आता कामावर जाण्याचा खर्च, म्हणजे प्रवास, बाहेरचे खाणे आणि घाईत विकत घ्याव्या लागणाऱ्या असंख्य लहानसहान गोष्टी, दिवसाला २ एकक धरला तर हे आकडे अनुक्रमे ३१.६, ३६.४ आणि ४० होतात.

'पाच दिवसांनी ४० उरतात' एवढेच पाहिले तर काम बरे वाटते. दिवसादिवसांनी पाहिले तर चित्र वेगळे दिसते. पहिले तीन दिवस प्रत्येकी सरासरी साडेदहा एकक घरात आणतात. चौथा दिवस ४.८ आणतो. पाचवा दिवस ३.६ आणतो, म्हणजे वीस एककांची मजुरी करून साडेतीन हातात. याचे कारण चटकन लक्षात येत नाही. पाचव्या दिवशी फक्त त्या दिवसाचे शुल्क वाढते असे नाही. तुमचे उत्पन्न वाढल्यामुळे आधीच्या चार दिवसांच्या शुल्कावरचे अनुदानही ५५ वरून ५० टक्क्यांवर येते. नवा दिवस जुन्या दिवसांच्या सवलतीतूनही काही काढून घेतो. घरातील मंडळींच्या 'पगार पाळणाघरातच जातो' या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते शेवटच्या एक-दोन दिवसांपुरते; पहिल्या तीन दिवसांना ते लागू होत नाही.

तुमच्या प्रत्यक्ष आकड्यांनी हीच मांडणी करा. एकाच पानावर तीन रकाने पुरतात. त्यात पगारपत्रकावर न दिसणाऱ्या दोन गोष्टी जरूर घाला: निवृत्तिवेतनात मालक भरत असलेला वाटा आणि कामाचे दिवस कमी केल्याने घटणारी रजा किंवा विमा. पाचव्या दिवसाचे साडेतीन एकक हा वाटा मिळवल्यावर पाच-साडेपाचपर्यंत गेलेले मी पाहिले आहे, आणि तेवढ्याने काही घरांचा निर्णय फिरतो.

आता थोडे अवघड, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. वरचा सगळा हिशेब आईच्या पगारातून पाळणाघराचे शुल्क वजा करून केला आहे, कारण प्रश्न तसा आला. शुल्क मात्र मुलाच्या आईचे नसते, घराचे असते. हा केवळ तत्त्वाचा मुद्दा नाही, त्याने आकडेही बदलतात. ज्या देशांत कर प्रत्येकाचा स्वतंत्र आणि चढत्या दराने लागतो, तेथे पगार साधारण सारखे असतील तर एकाने दोन दिवस सोडण्यापेक्षा दोघांनी एकेक दिवस सोडणे घराला स्वस्त पडते. पहिला सोडलेला दिवस जास्त कर लागणाऱ्या वरच्या भागातून जातो, दुसरा कमी कर लागणाऱ्या भागातून. दोघांनी एकेक सोडला की दोन्ही दिवस वरच्या भागातून जातात. पाळणाघर मात्र दोन्ही रीतींनी तीनच दिवसांचे लागते. चौथा रकाना काढून त्यात बाबांचा एक दिवस कमी करून पाहा, एवढेच सुचवते. मी हा रकाना काढायला सांगते तेव्हा दहापैकी आठ जोडप्यांत क्षणभर शांतता पसरते, आणि मग त्यातील बऱ्याच जणांना तोच पर्याय बरा वाटतो.

दुसरा प्रश्न काळाचा. तान्ह्या बाळाचे पाळणाघर महाग असते याचे साधे कारण माणसांची संख्या आहे. इंग्लंडच्या नियमांत दोन वर्षांखालील तीन मुलांमागे एक सांभाळणारी व्यक्ती लागते, दोन वर्षांच्या पाच मुलांमागे एक, आणि तीन वर्षांवरील आठ मुलांमागे एक पुरते. प्रमाणे देशोदेशी वेगळी असली तरी दिशा सगळीकडे हीच असते. शिवाय तिसऱ्या वर्षापासून अनेक ठिकाणी सार्वजनिक आधार वाढतो. जपानने ऑक्टोबर २०१९ पासून तीन ते पाच वर्षांच्या मुलांचे शुल्क माफ केले आणि त्याखालच्या वयात ही माफी फक्त कमी उत्पन्नाच्या घरांना दिली. म्हणून शुल्काचा सर्वांत जड काळ साधारण दीड-दोन वर्षांचा असतो. बाळाच्या वयाच्या प्रत्येक वर्षासाठी वेगळी ओळ मांडा आणि ती शाळा सुरू होईपर्यंत न्या. पहिल्या वर्षी 'नाकापेक्षा मोती जड' वाटणारा हिशेब तिसऱ्या ओळीत बहुधा ताळ्यावर आलेला दिसतो.

या ओळींच्या समोर दुसरी एक ओळ ठेवावी लागते, ती काम सोडण्याच्या किमतीची. डेन्मार्कमधील नोंदींवर हेन्रिक क्लेव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, पहिल्या मुलानंतर स्त्रियांची कमाई पुरुषांच्या तुलनेत दीर्घकाळ सुमारे २० टक्के मागे राहते. त्यात काम सोडणे, तास कमी करणे आणि कमी दराच्या पण सोयीच्या जागी जाणे हे सगळे आले. पाळणाघरांची व्यवस्था उत्तम असलेल्या देशात ही स्थिती असेल, तर इतरत्र काय असेल याची कल्पना करता येते. तरीही हा आकडा घेऊन कोणी तुम्हाला घाबरवू नये. तो सरासरीचा आहे आणि व्यवसायाप्रमाणे फरक मोठा असतो. परिचारिका किंवा शिक्षिका दोन वर्षांनी परतली तरी तिला जागा मिळण्याची शक्यता बरीच असते. ज्या क्षेत्रात साधने आणि पद्धती दर वर्षी बदलतात तेथे दोन वर्षांची दरी भरून काढायला त्याहून जास्त वेळ लागतो. तुमच्या क्षेत्रात दोन वर्षांनी परतलेल्या एक-दोन स्त्रियांशी बोला. माझ्या कोष्टकापेक्षा त्यांचे उत्तर तुम्हाला जास्त उपयोगी पडेल.

घरी राहणाऱ्या पालकाला पैसे देणाऱ्या योजनाही असतात. नॉर्वेने १९९८ मध्ये सरकारी अनुदानित पाळणाघर न वापरणाऱ्या एक-दोन वर्षांच्या मुलांच्या पालकांना रोख रक्कम द्यायला सुरुवात केली. अशी योजना तुमच्याकडे असेल तर कामावर परतल्यावर ती रक्कम जाते, म्हणून ती पहिल्या तीन दिवसांच्या रकान्यात खर्च म्हणूनच मांडायची. भारतात आधार प्रामुख्याने कामाच्या ठिकाणातून येतो. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची रजा आली, तसेच ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणे आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाऊ देणे बंधनकारक झाले. अशा ठिकाणी शुल्काच्या टक्केवारीपेक्षा मालकाशी होणारी बोलणी निर्णायक ठरतात, आणि ती लेखी करावीत.

आता फसण्याच्या जागा. अनेक व्यवस्थांत अनुदान बाळ पाळणाघरात जाऊ लागल्याच्या तारखेपासून मिळत नाही, अर्ज मंजूर झाल्यापासून किंवा पुढच्या सत्राच्या पहिल्या दिवसापासून मिळते. इंग्लंडमध्ये हे सत्र १ जानेवारी, १ एप्रिल आणि १ सप्टेंबर असे चालते. तारीख हुकली तर दोन-तीन महिन्यांचे पूर्ण शुल्क अंगावर येऊ शकते. म्हणून कामावर रुजू होण्याची तारीख ठरवताना अनुदानाची तारीख समोर ठेवा. साठलेली वार्षिक रजा असेल तर ती मधल्या आठवड्यांत पसरून वापरा, म्हणजे पगारही चालू राहतो आणि बाळाला रुळायला दोन आठवडे मिळतात. अनुदान बहुतेक ठिकाणी नोंदणीकृत पाळणाघर किंवा नोंदणीकृत सांभाळणाऱ्या व्यक्तीसाठीच असते. आजी आठवड्याचे दोन दिवस बाळाला सांभाळणार असेल तर त्याइतकी दुसरी मदत नाही, पण त्या दिवसांचे अनुदान मिळेल असे धरू नका. शिवाय आजीची तब्येत आणि तिचे स्वतःचे बेत विचारात घेऊनच ते दिवस ठरवा. गृहीत धरलेली आजी ही कोणत्याही योजनेतील सर्वांत कच्ची कडी असते, आणि त्यात दोष आजीचा नसतो.

पहिल्या काही महिन्यांत गटात गेलेले बाळ वारंवार आजारी पडते. हे जवळजवळ ठरलेलेच आहे आणि त्या दिवसांचे शुल्क बहुधा माफ होत नाही. दोघांच्या रजेतील काही दिवस यासाठी राखून ठेवा आणि कोण कधी घरी राहणार हे आधी ठरवा, सकाळी सात वाजता तापाचे थर्मामीटर हातात धरून नव्हे.

कार्यालयाचा करार पुन्हा एकदा वाचा. कायद्यापेक्षा जास्त रजावेतन दिले असेल तर परतून ठरावीक महिने काम न केल्यास ते परत करावे लागते, अशी अट काही करारांत असते. आणि अनिश्चितता असेल तर राजीनामा देऊ नका. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० सालच्या मातृत्व संरक्षण करारात किमान १४ आठवड्यांच्या रजेबरोबरच त्याच किंवा समकक्ष जागी परतण्याचा हक्क नमूद आहे आणि अनेक देशांच्या कायद्यांत तो या ना त्या रूपात आहे. हा हक्क रजेला बांधलेला असतो. राजीनाम्याने तो संपतो, बिनपगारी रजा वाढवून घेतल्याने बहुधा टिकतो. 'आणखी चार महिने हवेत' असे मागणे आणि 'सोडते' असे कळवणे यांत कागदावर एका ओळीचा फरक असतो.

या साऱ्यातून तुमच्यासाठी माझे मत असे आहे. तुम्ही दिलेली माहिती बरोबर असेल तर आठवड्यातून तीन दिवस काम करण्याच्या पर्यायाने परता, आणि तीन दिवस हे सहा महिन्यांसाठी असून नंतर दोन्ही बाजूंनी फेरविचार होईल, असे लेखी घ्या. तीन दिवसांच्या पगारात पाच दिवसांचे काम अंगावर येणे हा अर्धवेळ नोकरीचा जुना रोग आहे, म्हणून कोणते काम दुसऱ्याकडे गेले हेही त्याच पत्रात नमूद करून घ्या. चौथा दिवस तूर्त आर्थिकदृष्ट्या फारसा काही देत नाही. बढतीच्या दृष्टीने देत असेल तर वेगळी गोष्ट, आणि ते तुम्हालाच ठाऊक. मात्र आकडे पाहूनही तुम्हाला वर्षभर बाळाजवळच राहायचे असेल आणि घराला ते झेपत असेल, तर तसे करा. माझ्याकडे येणाऱ्या अनेक जणींचे मन आधीच ठरलेले असते. मी त्यांचे कोष्टक तपासून देते आणि त्या इच्छेची किंमत त्यांना कळली आहे ना एवढे पाहते.

राहिला बोनसचा प्रश्न. तो धरा. अंदाजे उत्पन्नावर आगाऊ दिलेले अनुदान वर्षाअखेर खऱ्या उत्पन्नाशी ताडून पाहिले जाते आणि जास्त मिळालेले परत मागितले जाते. रजेचे वर्ष कमी उत्पन्नाचे असल्यामुळे मागच्या वर्षाचा आकडा तसाच पुढे लिहिला, तर ही तफावत हमखास होते. ऑस्ट्रेलियात याच कारणासाठी अनुदानातील ५ टक्के रक्कम वर्षभर राखून ठेवली जाते. नेदरलँड्समध्ये पाळणाघराच्या भत्त्यावरून कर प्रशासनाने हजारो पालकांना चुकीने फसवे ठरवले आणि बारीकसारीक त्रुटींसाठीही पूर्ण रक्कम परत मागितली. प्रकरण इतके चिघळले की जानेवारी २०२१ मध्ये तेथील मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. तेथे दोष यंत्रणेचा होता, पण ज्या पालकांकडे पावत्या आणि पत्रव्यवहार नव्हता त्यांना स्वतःची बाजू मांडणे जास्त जड गेले. म्हणून उत्पन्न थोडे चढे लिहा, बोनस मिळाला नाही तर फरक तुम्हाला परत मिळेल. कामाचे दिवस बदलले की त्याच आठवड्यात कळवा, आणि पाळणाघराची प्रत्येक पावती पैसे भरल्याच्या बँकेतील नोंदीसह एका ठिकाणी जपून ठेवा.